चित्रांना घर देणारे राजे

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव तालुका हा अवर्षणाचा प्रदेश आहे. येथे पाऊस जेमतेम पडतो. उन्हाळ्यात ओढे कोरडे पडतात आणि डोंगरांच्या उघड्या माथ्यांवर ऊन रणरणत असते. या तालुक्यात औंध नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाच्या कडेला एक टेकडी असून तिच्या माथ्यावर यमाईदेवीचे स्थान आहे. या स्थानाला मूळपीठ असे म्हणतात. दूरदूरच्या गावांतून शेतकरी, मजूर आणि गृहिणी नवस फेडण्यासाठी ही टेकडी चढून जातात.

टेकडी चढत असता वाटेत एक इमारत लागते. देवीच्या दर्शनाला निघालेला एखादा शेतकरी कुतूहलाने आत शिरला, तर तो पाहतच राहतो. त्याच्यापुढे राजा रविवर्म्याच्या रंगांतली पुराणकथेतील स्त्री उभी असते. शेजारच्या दालनात बंगाली चित्रकारांची कोमल रेषा असते. कोठे अजिंठ्याच्या लेण्यांतील आकृती, कोठे हस्तिदंतावरील नाजूक कोरीवकाम, तर कोठे युरोपातील जुन्या थोर चित्रांच्या प्रतिकृती असतात. हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराने घडविलेले माता आणि बालक यांचे पाषाणशिल्पही येथे आहे. इतके वैभव मुंबई किंवा पुण्यात असते तर नवल वाटले नसते. ते या कोरड्या माळावर, देवीच्या वाटेवर कसे आले, हे समजण्यासाठी औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चरित्र जाणून घेतले पाहिजे.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. त्यांचे घराणे मराठेशाहीतील नामांकित होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत प्रतिनिधी हे मोठे पद निर्माण झाले. पुढे ते किन्हई गावच्या परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि त्यांच्या वंशात राहिले. मराठ्यांचे राज्य गेले, इंग्रजांचा अंमल बसला आणि या घराण्याकडे औंधचे छोटे संस्थान उरले. या संस्थानात अवघी ७२ गावे होती आणि तीही एका जागी नव्हती. औंध व किन्हई सातारच्या बाजूस, कुंडल कृष्णाकाठी, आटपाडी माणदेशात, तर गुणदाळ पार विजापूरकडे, अशी ती विखुरलेली होती. आटपाडी आणि कुंडल हा भाग आता सांगली जिल्ह्यात आहे.

बाळासाहेबांचे उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. त्या काळी संस्थानिकांच्या मुलांनी पदवी मिळवणे ही नित्याची गोष्ट नव्हती. परंतु त्यांनी बी. ए. ची परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. विद्येची ही आवड त्यांना जन्मभर पुरली. त्यांना लहानपणापासून दुसराही एक छंद होता, तो चित्रकलेचा. रंग आणि कुंचला हाती आला की त्यांना वेळेचे भान राहत नसे. शिवाय ते उत्तम कीर्तन करीत. कीर्तनकार शब्दांनी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे प्रसंग उभा करतो, तर चित्रकार तोच प्रसंग रंगांनी उभा करतो. या दोन्ही कला बाळासाहेबांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

सन १९०९ मध्ये, वयाची एक्केचाळीस वर्षे उलटल्यावर, त्यांच्या हाती संस्थानचा कारभार आला. संस्थान लहान, जमीन कोरडवाहू आणि उत्पन्न बेताचे. अशा संस्थानच्या राजाने चित्रांचा शौक करावा काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. हा प्रश्न खोटा नव्हता. जेथे दुष्काळ पडला म्हणजे गुरे दावणीला मरतात, तेथे रंगीत कापडावर आणि संगमरवरावर पैसा का खर्च करावा? बाळासाहेबांनी या प्रश्नाला वाद घालून उत्तर दिले नाही. त्यांचे उत्तर त्यांच्या कृतीत पाहावयास मिळते.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की गुणी माणसांना आपल्या संस्थानात जागा दिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांपैकी एक. लक्ष्मणरावांची कथा मोठी मनोवेधक आहे. त्यांनाही चित्रकार व्हावयाचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळत नाही, असे आढळून आले. रंगांचा मार्ग बंद झाला. तेव्हा त्यांनी यंत्रांच्या रेखाचित्रांचा अभ्यास केला, ते यंत्रविद्येकडे वळले आणि बेळगावास त्यांनी छोटा कारखाना काढला. परंतु तेथील जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी सोडावी लागली. त्या सुमारास औंधच्या सभामंडपाच्या कामानिमित्त त्यांचा बाळासाहेबांशी संबंध आला होता. बाळासाहेबांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलावले, कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकरांची ओसाड जमीन दाखविली आणि बिनव्याजी दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

त्या जमिनीवर निवडुंग माजलेला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. सन १९१० मध्ये लक्ष्मणराव सुमारे पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे घेऊन तेथे आले. निवडुंग तोडला गेला, रस्ते आखले गेले, कारखान्याबरोबर घरे उठली आणि किर्लोस्करवाडी हे गाव वसले. तेथून निघालेले लोखंडी नांगर महाराष्ट्राच्या शेतांत फिरू लागले. आधी कागदावर रेखाटलेले गाव मागाहून जमिनीवर उभे राहिले. एकाला रंगांची ओढ असूनही रंग लाभले नाहीत, दुसऱ्याला ते लाभले; पण मनात पाहिलेले चित्र प्रत्यक्ष जागेत उतरविण्याची हातोटी दोघांकडेही होती.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही असेच. ते जे. जे. कलाशाळेत शिकलेले निष्णात चित्रकार आणि वेदांचे गाढे अभ्यासक होते. सन १९१८ मध्ये ते औंधला येऊन राहिले आणि तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ चालविले. संस्थानच्या शाळेत दूरदूरची गरीब मुले शिकावयास येत. पुढे साने गुरुजी या नावाने ओळखले गेलेले पांडुरंग सदाशिव साने काही काळ औंधच्या शाळेत होते. कवी ग. दि. माडगूळकर यांचेही शिक्षण औंधला झाले. संस्थान लहान होते, पण त्याचे दार मोठे होते.

बाळासाहेबांचा कुंचला मात्र राज्यकारभारामुळे थांबला नाही. त्यांनी रामकथेतील प्रसंगांची चित्रमाला तयार केली आणि ती १९१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. शिवचरित्रातील प्रसंगही त्यांनी चित्रित केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची शुद्ध, चिकित्सक आवृत्ती सिद्ध करावी, यासाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. त्या आवृत्तीसाठी त्यांनी स्वतः चित्रेही काढली. हे काम १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. ते पूर्ण झालेले पाहण्यास बाळासाहेब हयात नव्हते. परंतु ज्या वृक्षाची सावली आपल्याला मिळणार नाही असा वृक्ष लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. बाळासाहेब पहिल्या प्रतीचे चित्रकार होते असे म्हणता येणार नाही. त्यांच्या चित्रांत भक्ती आणि तळमळ अधिक, कसब त्या मानाने कमी. पण आपल्याहून श्रेष्ठ कलावंत कोण, हे ओळखण्याची दृष्टी त्यांच्याजवळ होती आणि त्यांचा मान राखण्याइतके मनही होते. हा गुण चांगल्या चित्रकाराच्या हातापेक्षाही दुर्मिळ आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांनी त्यांना फार ओढ लावली. ते कलावंतांना बरोबर घेऊन तेथे गेले आणि भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती त्यांनी करवून घेतल्या. अजिंठ्याविषयीचा त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी वेरूळवरही त्यांनी पुस्तक लिहिले होते. अजिंठ्याचे वैशिष्ट्य काय? तेथे चित्र हे भिंतीवर टांगलेले नाही. डोंगर कोरून खोली केली, खोलीच्या भिंतींवर, खांबांवर आणि छतावर चित्रे काढली. दारातून येणारा प्रकाश आत सरकतो, तसे एकेक रूप उजळते. पाहणारा चित्रासमोर उभा राहत नाही, तर तो चित्रात शिरतो. वास्तू आणि चित्र ही दोन निराळी राहत नाहीत. दोन्ही मिळून एक अनुभव होतो.

जमा होत गेलेल्या चित्रांचे काय करावे, हा प्रश्न बाळासाहेबांपुढे उभा राहिला. त्या काळच्या पुष्कळ संस्थानिकांजवळ मौल्यवान चित्रे होती. ती राजवाड्यातील दिवाणखान्यात लावलेली असत. पाहुणे आले म्हणजे ती दाखविली जात आणि एरवी त्यांवर धूळ बसे. प्रजेच्या दृष्टीस ती कधी पडत नसत. बाळासाहेबांनी निराळा विचार केला. चित्रांसाठी स्वतंत्र वास्तू बांधावयाची असे त्यांनी ठरविले. तिच्यासाठी त्यांनी राजवाड्याचे आवार निवडले नाही, बाजारपेठही निवडली नाही. त्यांनी मूळपीठाच्या टेकडीवरील जागा निवडली.

या निवडीत त्यांचे शहाणपण दिसते. खेड्यातील माणूस चित्रे पाहण्यासाठी मुद्दाम घर सोडणार नाही. पण देवीसाठी तो अवश्य सोडील. ज्या वाटेने लोकांची पावले पिढ्यान्‌पिढ्या जात आहेत, त्याच वाटेवर चित्रे नेऊन ठेवली तर ती आपोआप लोकांची होतील. सन १९३८ मध्ये ही वास्तू सिद्ध झाली. श्रीभवानी चित्रसंग्रहालय व ग्रंथालय असे तिचे नाव आहे.

चित्रांचे घर बांधणे हे राहत्या घरापेक्षा अवघड असते. चित्राला प्रकाश हवा, पण थेट ऊन नको. ऊन सरळ पडले तर रंग विटतात. तैलचित्रावर समोरून झोत पडला तर त्याची तकाकी डोळ्यांवर येते आणि चित्र दिसतच नाही. पाऊस व ओल यांपासूनही ते जपावे लागते. तेव्हा भिंत, झरोका आणि दालनाची उंची यांचा मेळ असा घालावा लागतो की प्रकाश आत यावा, पण मऊ होऊन यावा. औंधच्या या वास्तूत निसर्गाच्या प्रकाशाचा असा विचार केलेला आहे. सूर्य हा बाळासाहेबांचा जुना स्नेही होता. ते नित्य सूर्यनमस्कार घालीत, संस्थानच्या शाळांतील मुलामुलींना त्यांनी सूर्यनमस्कारांची गोडी लावली आणि त्यांवरील त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये इंग्लंडातही प्रसिद्ध झाले. जो सूर्य माणदेशाची माती करपवितो, त्याच सूर्याकडून त्यांनी एकीकडे आरोग्य मागून घेतले आणि दुसरीकडे चित्रांसाठी उजेड.

आपल्या काळात संगणकाच्या साहाय्याने रिकाम्या दालनाच्या भिंतींवर प्रकाशाची चित्रे खेळविता येतात. पाहणारा चालू लागला की चित्रही बदलते, आणि आपण समुद्रात उभे आहोत की अरण्यात, असा भास होतो. चित्र आणि जागा एकजीव करण्याची ही नवी विद्या आहे व तिचे कौतुक व्हावयास हवे. परंतु तिची मूळ इच्छा नवी नाही. अजिंठ्याच्या भिक्षूंनी ती दिव्याच्या उजेडात पुरी केली आणि औंधच्या राजाने दगड, चुना व सूर्यप्रकाश यांच्या साह्याने. मोट हाकणाऱ्या माणसाने चार पायऱ्या चढून दार ओलांडावे आणि एकदम अजिंठ्यात किंवा इटलीत पाऊल टाकावे, हे त्यांनी घडवून आणले.

संग्रहालय सिद्ध होत असतानाच बाळासाहेबांच्या मनात आणखी मोठा विचार चालला होता. चित्रे राजवाड्यातून बाहेर आणली. मग सत्ताच तेवढी राजवाड्यात का राहावी? त्यांचे पुत्र अप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी या विचाराला बळ दिले. महात्मा गांधींचा सल्ला घेण्यात आला. २१ जानेवारी १९३९ रोजी औंध संस्थानात प्रजेच्या हाती कारभार सोपविणारी राज्यघटना अमलात आली. गावोगावी पंचायती आल्या आणि राजा आपल्याच संस्थानात नाममात्र उरला. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. उतारवयात माणूस हातातील वस्तू अधिकच घट्ट धरतो. बाळासाहेबांनी मूठ उघडली.

त्याच वर्षी आटपाडीजवळ आणखी एक विलक्षण प्रयोग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या बंदिवानांसाठी उघड्या माळावर वसाहत वसविण्यात आली. तिला ना उंच भिंती होत्या, ना गज. बंदिवानांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि विश्वासाला पात्र ठरावे, अशी योजना होती. तिला स्वतंत्रपूर हे नाव मिळाले. जागेची रचना माणसाचे मन घडवू शकते, यावरची ही श्रद्धा होती. चित्रांसाठी भिंती उभारणाऱ्या राजाच्या राज्यात माणसांसाठी भिंती काढून टाकल्या गेल्या. पुढे याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांना १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा मिळाली. त्याची कथा औंधच्या शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनीच लिहिली.

देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेबांचे देहावसान झाले. राज्य गेले, राजाही गेला. पण टेकडीवरील ती वास्तू राहिली. शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये विभागाने पुढे तिची जबाबदारी सांभाळली.

संस्थानच्या सीमा आज नकाशात सापडत नाहीत. औंध सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी व स्वतंत्रपूर सांगली जिल्ह्यात, अशी त्यांची वाटणी झाली आहे. तरीही या तिन्ही ठिकाणी एकाच मनाचा ठसा उमटलेला दिसतो. दुष्काळी मुलखातील राजाने चित्रांचा शौक करावा काय, या प्रश्नाचे उत्तरही तेथेच मिळते. जे वैभव एकट्याने पाहावयाचे, तो शौक असतो. जे सर्वांच्या वाटेवर ठेवले जाते, ते दान होते. भाकरी पोटाची भूक भागविते, पण माणसाच्या डोळ्यांनाही भूक असते आणि गरिबाचे डोळे श्रीमंताच्या डोळ्यांहून कमी भुकेले नसतात. ही गोष्ट ज्याने ओळखली, तो राजा रंगांची पेटी घेऊन माणदेशाच्या उंबरठ्यावर येऊन बसला होता.

पुढे कधी औंधला जाण्याचा योग आला, तर यमाईच्या दर्शनाला जाताना वाटेतल्या त्या इमारतीत अवश्य जावे. आत गेल्यावर आधी चित्रांकडे पाहावे. मग क्षणभर, त्या चित्रांवर पडलेला उजेड कोठून येतो आहे, तेही पाहावे.

अभ्यास

१. औंध संस्थानातील गावे कोणकोणत्या भागांत विखुरलेली होती?

२. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकलेचा मार्ग का सोडावा लागला? बाळासाहेबांनी त्यांना कोणते साहाय्य केले?

३. बाळासाहेबांनी चित्रसंग्रहालयासाठी मूळपीठाच्या टेकडीवरील जागा का निवडली असावी? तुमच्या शब्दांत लिहा.

४. चित्रांचे घर बांधणे राहत्या घरापेक्षा अवघड का असते?

५. चित्रांसाठी भिंती उभारणाऱ्या राजाच्या राज्यात माणसांसाठी भिंती काढून टाकल्या गेल्या, असे लेखकाने का म्हटले आहे?

६. शौक आणि दान यांत लेखकाने कोणता भेद सांगितला आहे? तो तुम्हांस पटतो काय? कारणे द्या.

७. तुमच्या गावातील एखादी सार्वजनिक वास्तू पाहून या. ती कोणी व कशासाठी बांधली, तिच्यात उजेड कसा येतो, याविषयी दहा-बारा ओळी लिहा.